अदृश्य श्रम आणि नात्यांची दृढता : महाविद्यालय व घर यांच्या विशेष संदर्भात

सारांश

कार्यस्थळ आणि घर या दोन्ही ठिकाणचे नातेसंबंध दृढ कसे होतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः सौजन्य, सुसंवाद आणि समंजसपणा या गुणांत शोधले जाते. प्रस्तुत लेखात या गुणांच्याही मुळाशी असलेल्या एका बाबीकडे लक्ष वेधले आहे. ती बाब म्हणजे नजरेस न पडणाऱ्या श्रमांचे वाटप. मानसशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांतील काही महत्त्वाचे अभ्यास, भारतातील कालवापर सर्वेक्षण आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक उदाहरण यांच्या आधारे या विषयाची चर्चा केली असून शेवटी महाविद्यालय व घर यांसाठी काही व्यवहार्य उपाय सुचविले आहेत.

बीजशब्द : नातेसंबंध, अदृश्य श्रम, श्रमविभागणी, कार्यस्थळ, कुटुंब, महाविद्यालयीन अध्यापक

१. प्रस्तावना

नोकरी करणाऱ्या व्यक्तीच्या जागेपणीच्या वेळेचा बहुतांश भाग दोनच ठिकाणी व्यतीत होतो. एक कार्यस्थळ आणि दुसरे घर. या दोन्ही ठिकाणी माणसे माणसांशी कशी बांधली जातात, यावर त्या व्यक्तीचे मानसिक स्वास्थ्य, कामाची गुणवत्ता आणि पुढील पिढीचे संस्कार अवलंबून असतात. नातेसंबंधांविषयी मराठीत उपदेशपर लेखन विपुल आहे. मृदू बोलावे, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, अहंकार बाजूला ठेवावा, हे त्या लेखनाचे सार होय. हा उपदेश चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे.

मृदू बोलणाऱ्या माणसांमध्येही अढी निर्माण होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वर्षभर एकत्र डबा खाणारे सहकारी परीक्षेच्या पर्यवेक्षणाची यादी लागताच एकमेकांशी तुटक बोलू लागतात. एखाद्या घरात सण आनंदात साजरा होतो. परंतु पाहुणे गेल्यावर उरलेल्या आवराआवरीत एकच व्यक्ती गुंतलेली असते आणि तिच्या मनात साचलेली खंत पुढे कुठल्या तरी क्षुल्लक निमित्ताने बाहेर पडते. निमित्त क्षुल्लक असल्यामुळे इतरांना तो स्वभावदोष वाटतो. वास्तविक तो श्रमांच्या वाटपाचा प्रश्न असतो. नात्यातील गोडवा टिकवायचा असेल तर त्याच्या तळाशी असलेला हा प्रश्न समजून घेणे आवश्यक ठरते.

२. अदृश्य श्रम : संकल्पना

ज्या कामाचा परिणाम सर्वांना मिळतो, परंतु जे काम केले गेले हे कोणाच्या लक्षात येत नाही, त्यास अदृश्य श्रम असे म्हणता येईल. अशा कामाचे लक्षण असे की ते झाले तर कोणी दखल घेत नाही आणि झाले नाही तर सर्वांना लगेच जाणवते. घरातील गॅस सिलिंडर संपण्यापूर्वी नोंदविणे, मुलाच्या लसीची तारीख लक्षात ठेवणे, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्याचे ओळखणे ही घरातील उदाहरणे होत. महाविद्यालयात अंतर्गत गुणांच्या याद्या जुळविणे, नॅकच्या अहवालासाठी जुनी छायाचित्रे व उपस्थितीपत्रके शोधणे, रडत आलेल्या विद्यार्थिनीला अर्धा तास धीर देणे, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला कार्यालयीन रीत समजावून सांगणे ही त्याच जातीची कामे होत.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ दांपत्यांच्या मुलाखतींवरून घरकामातील बौद्धिक भागाचे चार टप्पे दाखविले. गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि काम पार पडले की नाही यावर लक्ष ठेवणे, असे ते टप्पे आहेत. यांपैकी निर्णय घेण्याचा टप्पा पती-पत्नींमध्ये बऱ्याच अंशी वाटला जातो; मात्र गरज ओळखणे आणि लक्ष ठेवणे हे पहिले व शेवटचे टप्पे प्रामुख्याने स्त्रियांकडे राहतात, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण निर्णय हा टप्पा दिसतो आणि त्याला मान असतो. उरलेले टप्पे मनातल्या मनात चालतात. 'काय करायचे ते सांग, मी करतो' असे म्हणणारी व्यक्ती प्रामाणिक असली, तरी काय करायचे हे शोधण्याचे काम ती दुसऱ्यावरच सोपवीत असते.

३. स्वतःचेच श्रम अधिक का आठवतात?

श्रमांच्या वाटपावरून होणाऱ्या वादात प्रत्येकास आपणच अधिक करतो असे मनापासून वाटते. यामागे लबाडी असते असे मानण्याचे कारण नाही. कॅनडातील मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक आहे. त्यांनी ३७ विवाहित दांपत्यांना संसारातील २० बाबींची यादी दिली आणि प्रत्येक बाबीत आपला वाटा किती, हे पती व पत्नी यांना स्वतंत्रपणे दर्शविण्यास सांगितले. दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज बहुसंख्य बाबींत पूर्णाहून अधिक भरली. या यादीत भांडणास कारण होण्यासारखी प्रतिकूल बाबही समाविष्ट होती. त्यामुळे हा केवळ आत्मप्रौढीचा परिणाम आहे असे म्हणता येत नाही. स्वतः केलेली कृती आपल्या स्मरणात तपशिलासह असते, तर दुसऱ्याची कृती आपण पाहिलेलीच नसते किंवा पाहूनही ती लक्षात राहत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

या स्पष्टीकरणाचा नात्यांच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. दोन सद्भावी व्यक्ती एकाच वेळी स्वतःवर अन्याय होत असल्याचे मानू शकतात आणि दोघीही आपापल्या स्मरणाशी प्रामाणिक असू शकतात. अशा वेळी समंजसपणाचा उपदेश फारसा उपयोगी पडत नाही. समोरच्याचे काम प्रत्यक्ष दिसेल अशी व्यवस्था करणे हाच त्यावरील उपाय ठरतो. मात्र प्रत्येक तक्रार स्मरणदोषातून येते, असा निष्कर्ष येथून काढणे धोक्याचे आहे. काही ठिकाणी वाटप खरोखरच विषम असते आणि ते मोजून दाखविता येते. घर हे त्याचे पहिले उदाहरण होय.

४. घर : वेळेचा हिशेब आणि कृतज्ञता

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी कालवापर सर्वेक्षण केले. सहा वर्षे व त्यावरील वयोगटात कुटुंबासाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत २६.१ टक्के आढळले. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे असे आले. म्हणजेच दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, परंतु त्यांतील अंतर जवळजवळ तेवढेच राहिले.

सुशिक्षित कुटुंबांत मदतनीस बाई ठेवून हा प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात भांडी व केर यांचे काम एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे जाते. तिच्या सुट्टीची नोंद ठेवणे, ती न आल्यास पर्याय उभा करणे, तिच्या अडचणी समजून घेणे हे काम घरातील स्त्रीकडेच राहते. एकत्र कुटुंबात हा भार अनेकदा सासूवर पडतो. नोकरी करणाऱ्या सुनेची नोकरी आपल्या गुडघेदुखीवर उभी आहे, हे सासूने बोलून दाखविले की त्यास टोमणा समजले जाते. सासू-सून संबंधांतील किती कटुता स्वभावातून येते आणि किती न मोजलेल्या श्रमांतून येते, हा अभ्यासण्याजोगा विषय आहे.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 'द सेकंड शिफ्ट' या १९८९ च्या ग्रंथात नोकरदार दांपत्यांच्या घरातील 'दुसऱ्या पाळी'चे चित्रण केले आहे. त्यातील एका दांपत्याने वादाला कंटाळून घराची 'समान' विभागणी केली होती. वरचा मजला पत्नीकडे आणि खालचा मजला पतीकडे. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि शयनगृहे होती. खाली गाडीची जागा आणि कुत्रा होता. विभागणी समान आहे, असे दोघेही सांगत असत. कुटुंब टिकावे यासाठी माणसे विषमतेला समतेचे नाव देतात, हे या उदाहरणातून दिसते. मात्र दडपलेली नाराजी नाहीशी होत नाही. ती निराळ्या वाटेने नात्यात उतरते.

याच ग्रंथात हॉकशील्ड यांनी कृतज्ञतेच्या अर्थव्यवस्थेची कल्पना मांडली आहे. एकाने दिलेली गोष्ट दुसऱ्याला देणगी वाटली तरच कृतज्ञता उत्पन्न होते. आठवड्यातून एकदा स्वयंपाक करणाऱ्या पतीला आपण पत्नीला देणगी दिली असे वाटते. रोज स्वयंपाक करणाऱ्या पत्नीला ते तिच्या हक्काचे, तेही अपुरे, वाटते. एक जण आभाराची अपेक्षा करतो आणि दुसरी व्यक्ती ते मानत नाही. दोघेही दुखावले जातात. ही कोंडी फुटण्यासाठी काम कोणाचे, याविषयी दोघांची समजूत एक असावी लागते.

५. महाविद्यालय : 'जरा एवढे बघा'

महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाचे स्वरूपच असे आहे की त्यात अदृश्य श्रमांना भरपूर वाव राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० व २०१८ च्या नियमावल्यांत पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास धरलेला असून सहायक प्राध्यापकासाठी प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास सांगितले आहेत. वेळापत्रकात हे १६ तास दिसतात. उरलेल्या तासांत वाचन, संशोधन व तयारी अपेक्षित असते. त्याच तासांत प्रवेश समिती, परीक्षा विभाग, स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजना आणि नाना प्रकारचे अहवालही शिरतात. हे काम सहसा लेखी आदेशाने येत नाही. 'सर, जरा एवढे बघा' किंवा 'मॅडम, तुमचे अक्षर छान आहे' अशा प्रेमळ वाक्यांनी ते येते. म्हणूनच ते नाकारणे अवघड होते आणि केल्यावर त्याची नोंदही राहत नाही.

असे काम कोणाकडे जाते, याविषयी लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लिसे वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांचे २०१७ चे संशोधन उद्बोधक आहे. त्यांच्या प्रयोगात तिघांच्या गटापैकी एकाने पुढे होणे सर्वांच्या हिताचे होते. मात्र जो पुढे होईल त्याला इतरांपेक्षा कमी मोबदला मिळणार होता. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत स्त्रिया पुढे होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी अधिक आढळली. गटाबाहेरच्या व्यक्तीने एखाद्यास विनंती करावयाची होती, तेव्हा स्त्रियांना ४४ टक्के अधिक विनंत्या झाल्या. आणि अशी विनंती करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. विशेष म्हणजे गटात केवळ पुरुष असताना पुरुष तितक्याच प्रमाणात पुढे झाले. यावरून स्त्रियांना अशी कामे मनापासून आवडतात, ही समजूत टिकत नाही. त्या ती करतील ही सर्वांची अपेक्षा हेच त्याचे कारण दिसते. पाहुण्यांचे स्वागत, रांगोळी आणि अल्पोपाहाराची समिती वर्षानुवर्षे कोणाकडे असते, हे आठवले की ही अपेक्षा ओळखीची वाटते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत या विषमतेला आणखी एक पदर आहे. तो म्हणजे तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा. त्यांचे मानधन घेतलेल्या तासिकांवर ठरते. साहजिकच परीक्षा विभागात बसलेल्या दुपारी किंवा अहवालाच्या फाइली लावण्यात गेलेली सुट्टी त्यांच्या मानधनात कोठेही उमटत नाही. कायम सेवेतील सहकारी 'जमणार नाही' असे म्हणू शकतो. ज्याची पुढील वर्षाची नेमणूक अद्याप व्हायची आहे, त्याला ते म्हणता येत नाही. त्याचा होकार हा सौहार्दाचा पुरावा मानला जातो. वस्तुतः ज्या नात्यात एका पक्षाला नकार देण्याची मोकळीक नाही, तेथील होकाराचे मूल्य जोखणे कठीण असते. स्टाफरूममधील वातावरण खेळीमेळीचे आहे, असे विधान करताना ते तेथील सर्वांत असुरक्षित सहकाऱ्यालाही तसेच वाटते काय, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

६. दोन क्षेत्रांतील परस्परसंबंध

घर आणि कार्यस्थळ यांचा स्वतंत्र विचार करण्याची प्रथा असली, तरी या दोहोंमधील उंबरठा फार उंच नाही. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्युटेल यांनी १९८५ मध्ये काम व कुटुंब यांतील संघर्षाचे तीन प्रकार सांगितले. वेळेची ओढाताण, एका ठिकाणचा ताण दुसरीकडे जाणे आणि एका ठिकाणी योग्य असलेली वर्तनपद्धती दुसऱ्या ठिकाणी अयोग्य ठरणे. यांतील तिसरा प्रकार अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. वर्गात प्रश्न विचारणे, चूक दाखविणे आणि शेवटचा शब्द आपला ठेवणे ही व्यावसायिक सवय असते. तीच सवय जेवणाच्या ताटावर आली की घर वर्गासारखे वाटू लागते.

दुसऱ्या प्रकाराचे चित्र रेना रेपेटी यांच्या १९८९ च्या अभ्यासात सापडते. त्यांनी हवाई वाहतूक नियंत्रकांच्या कामाचा दैनंदिन भार आणि त्याच संध्याकाळचे त्यांचे पत्नीशी वर्तन यांची सांगड घातली. अधिक भाराच्या दिवशी हे नियंत्रक घरी अधिक अलिप्त राहत. मात्र रागाचे प्रदर्शन कमी करीत. पत्नीचा आधार असताना हा परिणाम विशेष दिसून आला. काही वेळ शांत राहू देणे हाही आधाराचाच प्रकार आहे, असा याचा अर्थ घेता येतो. परंतु येथेही वाटपाचा प्रश्न उरतोच. घरी परतल्यावर अर्धा तास गप्प बसण्याची सवलत पतीला मिळत असेल आणि त्याच वेळी नोकरीवरून परतलेली पत्नी थेट ओट्याशी उभी राहत असेल, तर विसाव्याचेही वाटप विषमच म्हणावे लागेल.

७. महाराष्ट्राच्या इतिहासातील एक दाखला

हा प्रश्न नव्या काळाने निर्माण केलेला नाही. धोंडो केशव कर्वे हे १८९१ ते १९१४ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत होते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई तथा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या संस्थेपासून १९१६ मधील महिला विद्यापीठापर्यंतचे कर्वे यांचे कार्य सर्वपरिचित आहे. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला.

कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तर आनंदीबाईंचे 'माझे पुराण' १९४४ मध्ये. पहिल्या ग्रंथात संस्थेची उभारणी अग्रभागी आहे. दुसऱ्यात त्या उभारणीच्या काळात संसार कसा चालविला, पैशाची चणचण कशी सोसली आणि समाजाचा रोष कसा झेलला, याचा पत्नीच्या बाजूने सांगितलेला वृत्तांत आहे. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे एका थोर सार्वजनिक कार्याच्या पाठीमागे घरातील किती श्रम उभे होते, हे ध्यानात येते. यात कर्वे यांचे मोठेपण उणावत नाही. उलट स्त्रियांच्या उन्नतीसाठी आयुष्य वेचणाऱ्या घरातही पत्नीच्या श्रमांचा वृत्तांत पुढे येण्यास पतीच्या आत्मचरित्रानंतर २९ वर्षे जावी लागली, यावरून अदृश्यतेचा हा पडदा किती दाट असतो याची कल्पना येते.

८. एक आक्षेप

नात्यात हिशेब आला की नाते संपते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, जेथे जिव्हाळ्याच्या संबंधाची अपेक्षा असते, तेथे केलेल्या उपकाराची तत्काळ परतफेड झाल्यास आपुलकी वाढण्याऐवजी घटते. उच्च शिक्षणक्षेत्रालाही मोजणीचे दुष्परिणाम ठाऊक आहेत. २०१० च्या नियमावलीने आणलेल्या गुणांक पद्धतीत ज्याला गुण होते त्यासाठी प्रमाणपत्रांची धावपळ झाली आणि ज्याला गुण नव्हते ते काम आणखी मागे पडले. २०१८ मध्ये ही पद्धत बदलण्यात आली.

तथापि अदृश्य श्रम दृश्य करणे आणि पै-पैचा हिशेब ठेवणे यांत फरक आहे. हिशेबात प्रत्येक कृतीची परतफेड अपेक्षित असते. येथे अपेक्षा एवढीच आहे की एकूण काम किती आहे हे सर्वांना माहीत असावे आणि त्याचे वाटप ज्याची जशी शक्ती व अडचण तसे, सर्वांच्या संमतीने व्हावे. खरे तर हिशेबाची भाषा जेथे उघडपणे होत नाही, तेथेच प्रत्येक जण मनात खाते लिहीत बसतो.

९. उपाययोजना

महाविद्यालयाच्या पातळीवर सत्राच्या आरंभी विभागातील सर्व अध्यापनेतर कामांची, लागणाऱ्या अंदाजे तासांसह, एक यादी करून ती विभागाच्या बैठकीत मांडता येईल. यादी तयार होत असतानाच अनेकांना सहकाऱ्याचे काम प्रथमच दिसते. दुसरे, 'कोण करणार?' असे विचारण्याऐवजी पाळीने काम द्यावे. वर उल्लेखिलेल्या प्रयोगाचा व्यावहारिक बोध हाच आहे की स्वेच्छेची हाक दिली की भार ठराविक व्यक्तींवरच पडतो. तिसरे, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना अध्यापनेतर काम द्यावयाचे असल्यास ते लेखी व समोबदला द्यावे. ते शक्य नसेल तर देऊ नये. चौथे, अहवाल व कार्यक्रमपत्रिका यांत काम करणाऱ्यांची नावे, लिपिक व शिपाई यांच्यासह, द्यावीत. यास खर्च येत नाही.

घरात काम सोपविताना ते संपूर्ण सोपवावे, म्हणजे गरज ओळखण्यापासून ते पार पडेपर्यंतची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी. उदाहरणार्थ, मुलांच्या शाळेशी संबंधित सर्व बाबी पतीकडे असतील, तर पालकसभेची तारीख त्यानेच लक्षात ठेवावी. सोपविणाऱ्यानेही काम निराळ्या पद्धतीने होईल, हे स्वीकारावे. पोळ्यांच्या आकारावरून होणारी टीका काम परत ओढून आणते. दोघांपैकी प्रत्येकास घरी परतल्यावर थोडा विसावा मिळेल अशी पाळी ठरवावी. मुलगा व मुलगी या दोघांनाही घरातील एखाद्या कामाची संपूर्ण जबाबदारी लहानपणापासून द्यावी. वर्ष-सहा महिन्यांनी हे वाटप पुन्हा तपासावे, कारण आजारपण, परीक्षा, बदली अशा कारणांनी परिस्थिती बदलत असते.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की नात्याची दृढता ही केवळ मनोवृत्तीची बाब नसून ती दैनंदिन व्यवस्थेचीही बाब आहे. स्वतःचे श्रम अधिक आठवणे हा मानवी स्वभाव आहे आणि दुसऱ्याचे श्रम दिसावेत यासाठी जाणीवपूर्वक प्रयत्न करावे लागतात. घरातील आणि महाविद्यालयातील विषमता एकमेकींना पोसतात. घरी दुसरी पाळी करणारी अध्यापिका संशोधनात मागे पडते आणि महाविद्यालयात नाकारता न येणारे काम करणारा तरुण अध्यापक घरच्यांना वेळ देऊ शकत नाही. अध्यापकवर्ग समतेची मूल्ये वर्गात शिकवितो. त्या मूल्यांची कसोटी पर्यवेक्षणाच्या यादीत आणि संध्याकाळच्या स्वयंपाकघरात लागते. तेथे काम न्याय्य रीतीने वाटले गेले, तर सौजन्य व सुसंवाद यांसाठी निराळा उपदेश करण्याची गरज बरीच कमी होईल.